दोरीपासून पडद्यापर्यंत : संरचना-आरेखनातील रेषेचा इतिहास आणि वर्धा जिल्ह्यातील बांधकाम

१. विषयप्रवेश

स्थापत्य अभियांत्रिकीच्या आजच्या व्यवहारात इमारतीचा विचार रेषेपासून सुरू होतो. संगणकाच्या पडद्यावर एक बिंदू निश्चित करावयाचा, दुसरा बिंदू निश्चित करावयाचा आणि त्या दोहोंना जोडणारी रेषा ओढावयाची. एवढ्याने एक तुळई अस्तित्वात येते. स्टाड, ईटॅब्स, सॅप इत्यादी आज्ञावलींत ओढलेली ही रेषा वरवर पाहता चित्रातील रेषेसारखीच दिसते. तथापि ती चित्र नसून विधान असते. ‘येथे एक दंड आहे, त्याची दोन टोके या दोन सांध्यांना जोडलेली आहेत, त्याचा छेद, त्याचे द्रव्य व त्याची ताठरता अमुक आहे’, असे ती सांगते. संगणक त्या विधानावर विश्वास ठेवून पुढील सर्व गणित करतो. विधान खरे आहे की नाही, हे तपासण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

ही रेषा आली कोठून, तिने आपल्याबरोबर काय आणले आणि वाटेत काय टाकून दिले, हा प्रश्न केवळ तंत्राचा नव्हे, तो इतिहासाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात करावयाचा आहे. हा जिल्हा निवडण्याचे कारण असे की, बांधकामातील रेषेची निरनिराळी रूपे येथे अगदी थोड्या अंतरात एकत्र पाहावयास मिळतात. आखून वसविलेले वर्धा शहर, रेल्वेचा मार्ग व पूल, सेवाग्रामच्या मातीच्या कुट्या, शंक्वाकार कवेलूंच्या कमानी छपरांचे प्रयोग आणि इ. स. १९८३ मध्ये सेवाग्राम येथे स्थापन झालेले बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय, ही सर्व काही मैलांच्या परिसरात आहेत. ज्या गावी विद्यार्थी पडद्यावर रेषा ओढावयास शिकतो, त्याच गावी एकही अशी रेषा न ओढता उभी राहिलेली आणि जगाला ठाऊक झालेली एक वास्तू आहे. या योगायोगातून जो प्रश्न उभा राहतो तोच या विवेचनाचा विषय होय.

२. दोरीची रेषा

भारतीय परंपरेत बांधकामाची रेषा प्रथम दोरीची होती. शुल्बसूत्रे या नावातील ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. वेदी रचण्याच्या निमित्ताने या ग्रंथांत जी भूमिती आली आहे, ती सर्व जमिनीवर खुंट ठोकून व दोरी ताणून करावयाची भूमिती आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात पूर्वपश्चिम रेषा मिळविण्याची रीत दिलेली आहे : सपाट जमिनीवर खुंट उभा करावा, त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे आणि सकाळी व संध्याकाळी खुंटाच्या छायेचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील ते दोन बिंदू जोडावेत. दोन बिंदू आणि त्यांना जोडणारी रेषा हीच क्रिया आजच्या पडद्यावरही होते. फरक एवढाच की, तेथे बिंदू सूर्य दाखवीत असे आणि रेषा जमिनीवरच पडत असे.

‘सूत्रधार’ हा शब्द नाटकात रूढ असला तरी दोरी धरणारा कारागीर, म्हणजेच सुतार वा स्थपती, हाही त्याचा जुना अर्थ आहे. मराठीतील ‘सुतार’ हा शब्द त्याच कुळातला होय. लाकूड कापण्यापूर्वी रंगात बुडविलेले सूत ताणून त्याचा फटका मारून रेषा उमटविणे, हे सुताराचे पहिले काम. गवंड्याच्या हातीही दोरीच असते. पाया खणण्यापूर्वी चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकावयाच्या, दोरी ताणावयाची, तीन-चार-पाच या मापांनी काटकोन साधावयाचा आणि दोरीखालून चुन्याची फक्की टाकीत जावयाचे. यालाच आखणी म्हणतात. भिंत चढू लागली की ओळंबा आणि लाइनदोरी यांचे राज्य सुरू होते.

या रेषेचे तीन विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, ती पूर्ण मापाची असते. तिला प्रमाणपट्टी लागत नाही. दुसरा असा की, ती भिंतीच्या कडेची रेषा असते, मध्याची क्वचितच. गवंड्याला विटेची बाहेरची कड जुळवावयाची असते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा विशेष असा की, ती जेथे ओढली जाते तेथील जमीन तिला प्रत्यक्ष भेटते. वर्धा जिल्ह्याचा बराच भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. दोरी ताणणाऱ्या माणसाच्या पायाखालीच ती भेग असते. शेतीला काळी आणि घराला पांढरी, हा मातीचा जुना विवेक याच अनुभवातून आला. गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याचा मराठी प्रघात या विवेकाची भाषेतील खूण होय.

३. कागदाची रेषा

इ. स. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढील वर्षी, म्हणजे १८६२ मध्ये, नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. आरंभी त्याचे मुख्यालय पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे शहर वसवून मुख्यालय तेथे आणण्यात आले, तेच वर्धा. विदर्भातील बहुतेक जुनी गावे वाढत वाढत शहरे झाली. वर्धा मात्र आधी कागदावर आले आणि मग जमिनीवर. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जिल्ह्यातून पुढे गेला व १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. वर्धा नदीवर पुलगावजवळ रेल्वेपूल झाला. १८७० नंतरच्या दशकात हिंगणघाटावरून वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींकडे फाटा गेला आणि १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी हा अरुंद मापी मार्ग सुरू झाला.

रेल्वे आणि सार्वजनिक बांधकाम खाते यांच्याबरोबर एक नवी रेषा जिल्ह्यात आली : कागदावरची, प्रमाणात काढलेली, सहीशिक्क्याची रेषा. रुरकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ मध्ये व पुण्याचे १८५४ मध्ये सुरू झाले होते. तेथे तयार होणारा अभियंता आणि दुय्यम अधिकारी यांच्या शिक्षणात आरेखनाला मोठे स्थान होते. जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये शोधून काढलेल्या निळ्या छायांकनाच्या रीतीचा पुढे नकाशांच्या प्रती काढण्यासाठी सर्रास उपयोग होऊ लागला आणि ‘ब्ल्यू प्रिंट’ हा शब्द कचेरीतून बाहेर पडून सर्वसामान्य भाषेत शिरला. महाराष्ट्राच्या बांधकाम व पाटबंधारे खात्यांत ‘आरेखक’ आणि ‘अनुरेखक’ अशी दोन वेगळी पदे होती, ही गोष्ट लहान दिसली तरी बोलकी आहे. एकाने रेषा काढावयाची, दुसऱ्याने ती पारदर्शक कापडावर गिरवावयाची आणि तिसऱ्याने, म्हणजे गवंड्याने, ती वाचून भिंत उभी करावयाची. रेषेच्या मालकीची अशी वाटणी येथे प्रथमच झाली.

या स्थित्यंतराचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. कागदाच्या रेषेमुळे काम सुरू होण्यापूर्वी त्याचे मोजमाप व अंदाजपत्रक करता येऊ लागले, एकाच नमुन्याची इमारत अनेक ठिकाणी बांधता येऊ लागली आणि चूक कोणाची हे ठरविण्याचा पुरावा निर्माण झाला. परंतु त्याबरोबरच रेषा ओढणारा हात आणि जमिनीवर उभे असलेले पाय यांची फारकतही झाली. कागदाला भेगा पडत नाहीत.

४. सेवाग्राम : आरेखनाविना वास्तू

सेगाव येथे महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी प्रथम आले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात तेथे राहावयास गेले. शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा टाळण्यासाठी पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. गावाच्या जमिनीचा मोठा भाग जमनालाल बजाज यांच्या मालकीचा होता. त्यांना लिहिलेल्या १९३६ च्या मार्चमधील टिपणात गांधीजींनी झोपडीचा खर्च शक्य तितका कमी ठेवावा व तो शंभर रुपयांपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा घातली होती. पहिले घर, म्हणजे आदिनिवास, प्रत्यक्षात बांधून झाले तेव्हा खर्च पाचशे रुपयांच्या घरात गेला. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी वास्तू मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारली होती. पुढे तिच्यात फेरफार होऊन ती गांधीजींचे निवासस्थान झाली.

या वास्तूंच्या बाबतीत आरेखनाची जागा तीन मर्यादांनी घेतली होती : पैशाची मर्यादा, द्रव्याची मर्यादा आणि कारागिराच्या कौशल्याची मर्यादा. माती, बांबू, लाकूड व कवेलू ही जवळपास मिळणारी साधने आणि ती वापरणारे गावातलेच हात. यांतून जे शक्य होईल तेच घर. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या वस्तूंनी बांधले जावे, हा गांधीजींचा म्हणून सांगितला जाणारा विचार लॉरी बेकर या वास्तुविशारदाने पुढे आयुष्यभर प्रमाण मानला. पाच मैलांचे वर्तुळ हीदेखील एक रेषाच. पण ती इमारतीच्या अंगावरची नसून तिच्या भोवतीची होती.

बापूकुटीच्या भिंतींवर एक वेगळी रेषाही आहे. मीराबेन यांनी ओल्या मातीत हातांनी ताडवृक्षांची व चरख्याची उठावचित्रे काढली. तेथे भिंत व रेषा यांचे द्रव्य एकच आहे. इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात या कुटीच्या रचनेवरूनच घर आणि वस्तू साठविण्याची जागा यांतील भेद विशद केला होता. त्यांनी कुटीतील निरनिराळ्या जागांचा जो विचार केला तो माणसे तेथे काय करीत यावरून केला, मापांवरून नव्हे.

या काळात वर्ध्यात रेषेची उपेक्षा झाली, असा समज मात्र करून घेऊ नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो पायाभूत शिक्षणाचा अभ्यासक्रम तयार केला, त्यात चित्रकलेला स्वतंत्र स्थान होते आणि हाताने बनवावयाच्या वस्तूचे आधी आरेखन करता येणे हा तिचा एक हेतू मानला होता. म्हणजे रेषेला विरोध नव्हता. जो बनवितो त्यानेच रेषा ओढावी, एवढाच आग्रह होता.

५. गणिताची रेषा

ज्या वर्षी पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखले जात होते, त्याच वर्षी, १८६६ मध्ये, झ्युरिक येथे कार्ल कुलमान याचा आलेखीय स्थितिशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन वर्षे आधी जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने परस्पर-आकृतींचा सिद्धांत मांडला होता. या दोघांच्या कार्याने रेषेचा अर्थच बदलला. तोपर्यंत आरेखनातील रेषेची लांबी म्हणजे वस्तूची लांबी असे. आता पुलाच्या सांगाड्यातील प्रत्येक दंडासाठी शेजारच्या आकृतीत एक समांतर रेषा निघू लागली आणि तिची लांबी म्हणजे त्या दंडातील बल, असा अर्थ झाला. लोखंडी सांगाड्यांच्या पुलांची गणिते अनेक दशके अशा रेषा ओढून व मोजून केली गेली. अभियंत्याची पेन्सिल हेच त्याचे गणनयंत्र होते.

सिमेंट-काँक्रीटच्या ताठ सांध्यांच्या चौकटी आल्यावर ही रीत अपुरी पडू लागली. हार्डी क्रॉस याने १९३० मध्ये मांडलेल्या परिबल-वितरणाच्या पद्धतीने हाताने गणित करणाऱ्या पिढीला तारले. त्यानंतरचे वळण सारणीगणिताचे. विमानांच्या पंखांचा अभ्यास करताना टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी १९५६ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून परिमित घटकांच्या पद्धतीचा पाया घातला गेला. तिला हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. अवकाशातील चौकटीच्या प्रत्येक सांध्याला सहा हालचाली शक्य असतात : तीन सरकण्याच्या, तीन वळण्याच्या. म्हणून दोन सांध्यांमधील एका दंडाची ताठरता बारा ओळी व बारा स्तंभ यांच्या सारणीत मांडावी लागते. असे शेकडो दंड असलेली इमारत हाताने सोडविणे अशक्य आणि यंत्राला सहज साध्य, अशी स्थिती झाली.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. संगणकाचा उपयोग सुरू झाला तेव्हा रेषा काही काळ नाहीशी झाली. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत स्टीव्हन फेन्व्ह्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘स्ट्रेस’ नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यात अभियंत्याने चित्र काढावयाचे नसे, लिहावयाचे असे. प्रथम सांध्यांचे निर्देशांक द्यावयाचे आणि मग कोणता दंड कोणत्या सांध्यापासून कोणत्या सांध्यापर्यंत जातो हे क्रमाने सांगावयाचे. भूमितीची रेषा येथे केवळ दोन क्रमांकांची जोडी होऊन राहिली. ‘जॉइंट कोऑर्डिनेट्स’ आणि ‘मेंबर इन्सिडन्सेस’ ही शब्दयोजना भारतातील अभियंत्यांच्या परिचयाच्या स्टाड या आज्ञावलीत पुढेही कायम राहिली. पडद्यावर ओढलेली प्रत्येक रेषा अखेर याच भाषेत लिहिली जाते.

रेषा पडद्यावर परत आणण्याचे श्रेय आयव्हन सदरलँड यांना द्यावे लागते. १९६३ मध्ये त्याच संस्थेत सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली वर्णिली. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा ओढता येत आणि एक बिंदू हलविला की त्याला जोडलेल्या सर्व रेषा आपोआप हलत. कोणती रेषा कोणत्या रेषेला जोडलेली आहे, हे यंत्र लक्षात ठेवीत असे. त्या प्रबंधात पुलाच्या सांगाड्याचे एक उदाहरणही होते. त्यात दंडांतील बलांचे आकडे आकृतीवरच दिसत. कुलमानची बलरेषा आणि गवंड्याची मापरेषा प्रथमच एका पडद्यावर आल्या, असे म्हणावयास हरकत नाही. १९७० मध्ये एडवर्ड विल्सन यांची सॅप ही आज्ञावली आणि १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड आले. वैयक्तिक संगणकांच्या प्रसारानंतर हे सारे जिल्ह्याच्या ठिकाणच्या सल्लागार अभियंत्याच्या टेबलावर पोहोचले.

६. पडद्यावरील रेषेचे गृहीत

या रेषेचे स्वरूप आता अधिक बारकाईने पाहावयाचे आहे. ती मध्यरेषा असते. खांब ४५० मिलिमीटर रुंद असो की २३०, प्रतिमानात त्याची रेषा जाडीविना असते व ती छेदाच्या मध्यातून जाते असे मानले जाते. प्रत्यक्षात मात्र गवंडी कड जुळवितो. बाहेरून भिंत सलग दिसावी म्हणून २३० मिलिमीटर रुंदीची तुळई ४५० मिलिमीटर रुंदीच्या खांबाच्या बाहेरील कडेशी जुळवून बांधली, तर दोहोंच्या मध्यरेषांत ११० मिलिमीटरचे अंतर पडते. तुळईच्या टोकाशी ६० किलोन्यूटन भार असल्यास त्या अंतरामुळे ६.६ किलोन्यूटन-मीटर इतके परिबल खांबावर येते. पडद्यावर दोन्ही रेषा एकाच बिंदूत मिळविल्या असतील, तर हे परिबल गणितात येतच नाही. आज्ञावलीत त्यासाठी अंतर देण्याची सोय असते. पण ती वापरावयाची की नाही, हे रेषा ओढणाऱ्याला जागेवरील कड ठाऊक आहे की नाही, यावर अवलंबून असते.

दुसरे गृहीत जोडणीचे. डोळ्यांना एकमेकींना छेदणाऱ्या दिसणाऱ्या दोन रेषा गणितात जोडलेल्या असतीलच असे नाही. छेदनबिंदूवर सांधा निर्माण करून दंडाचे दोन भाग केले नाहीत, तर स्टाडसारख्या प्रतिमानात एक तुळई दुसरीवरून स्पर्श न करता निघून जाते. त्याचप्रमाणे दोन सांधे काही मिलिमीटरांनी चुकले, तर पडद्यावर ते एकच दिसतात; गणितात मात्र तेथे फट असते. कागदावर अशी चूक झाली तरी गवंडी आपल्या समजुतीने ती सुधारून घेत असे. यंत्राला समजूत नसते.

तिसरे गृहीत पायाचे, आणि वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. खांबाच्या रेषेचे खालचे टोक ‘स्थिर’ असे घोषित केले जाते. त्या एका शब्दाने काळ्या मातीचे फुगणे व आकसणे प्रतिमानातून वजा होते. अशा मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या खुंटपायांची रीत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झाली व भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात १९८० मध्ये तिचे नियम दिलेले आहेत. परंतु मानक असणे वेगळे आणि पडद्यावर खालचे टोक ठरविताना त्याची आठवण होणे वेगळे. दोरी ताणणाऱ्याला जी भेग दिसत होती, ती आता मृद्परीक्षणाच्या अहवालात वाचावी लागते. अहवालच नसेल तर ती कोणालाच दिसत नाही.

चौथे गृहीत भिंतीचे. चौकटीच्या प्रतिमानात विटांची भिंत ही रचना नसून ओझे असते. २३० मिलिमीटर जाडीची व ३ मीटर उंचीची भिंत, घनमीटरला २० किलोन्यूटन वजन धरल्यास, तुळईवर मीटरला १३.८ किलोन्यूटन भार टाकते. तेवढाच आकडा प्रतिमानात शिरतो आणि भिंत बाहेर राहते. भूकंपात मात्र भिंत चौकटीला आडवी येते, तिला ताठर करते आणि काही ठिकाणी घातकही ठरते. होम्स यांनी १९६१ मध्ये अशा भिंतीऐवजी चौकटीत तिरपा दाबदंड कल्पावा असे सुचविले. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत भरावभिंतींसाठी असा समतुल्य तिरपा दंड धरण्याची तरतूद झाली. म्हणजे वगळलेल्या भिंतीला गणितात परत प्रवेश मिळाला, पण तोही रेषा होऊनच.

७. जाडीच्या आतील रेषा : कमानी छपरांचा धडा

रेषा ही नेहमी जाडीची शत्रू असते, असे मात्र नव्हे. वर्धा येथेच याचे उदाहरण मिळते. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ग्रामीण घरांसाठी जे प्रयोग केले, त्यांत शंक्वाकार कवेलूंच्या कमानी छपराचा प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. कुंभाराने चाकावर घडविलेली ही कवेलू एकीचे निमुळते टोक दुसरीच्या तोंडात बसवून कमानीच्या आकारात ओवली जातात आणि अशा कमानी शेजारी शेजारी लावून छप्पर होते. लाकूड व पोलाद यांची त्यात मोठी बचत होते. पोकळ मातीच्या नळ्यांच्या अशाच कमानी रोमन काळात उत्तर आफ्रिकेत होत असत. वर्ध्याच्या प्रयोगाने हे तत्त्व विदर्भातील कुंभाराच्या हाताशी जोडले.

अशा छपराचे गणित एका रेषेचेच आहे. रॉबर्ट हुक याने १६७५ मध्ये सांगितल्याप्रमाणे लोंबती साखळी उलटी केली म्हणजे कमानीचा योग्य आकार मिळतो. त्या आकाराची दाबरेषा कमानीच्या जाडीत राहिली की कमान उभी राहते. समजा, ३ मीटर गाळ्याच्या व ७५ सेंटिमीटर उंचीच्या अन्वस्ताकार कमानीवर मीटरला २ किलोन्यूटन भार आहे. तर तिचा आडवा रेटा ३ किलोन्यूटन येतो. उंची निम्मी केली की रेटा दुप्पट, म्हणजे ६ किलोन्यूटन होतो. हा रेटा भिंतीने पेलावयाचा असतो. ४५० मिलिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीत भाराची परिणामी रेषा मध्यापासून ७५ मिलिमीटरच्या आत राहिली, म्हणजे जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागात राहिली, तर भिंतीत ताण निर्माण होत नाही. माती दाब सोसते, ताण सोसत नाही.

येथे रेषा आणि जाडी यांचे नाते पडद्यावरील नात्याच्या नेमके उलट आहे. चौकटीच्या प्रतिमानात रेषा कोठे आहे हे आधी ठरते आणि जाडी नंतर गुणधर्म म्हणून चिकटविली जाते. कमान व भिंत यांत जाडी आधी असते आणि रेषा तिच्यात कोठे पडते हा शोधाचा विषय असतो. जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये दगडी इमारतींच्या संदर्भात हेच तत्त्व आधुनिक संरचनाशास्त्राच्या भाषेत मांडले. त्या विवेचनाचा मथितार्थ असा की, अशा वास्तूंत बळकटीपेक्षा भूमिती निर्णायक असते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. रेषेचा प्रवास जमिनीवरून कागदावर, कागदावरून क्रमांकांत आणि क्रमांकांतून पडद्यावर झाला. प्रत्येक टप्प्यावर तिची शक्ती वाढली आणि प्रत्येक टप्प्यावर ती जागेपासून एक पाऊल दूर गेली. ज्या रचनेला रेषेत रूपांतरित करता येते तिचे गणित सुलभ झाले. जिला तसे करता येत नाही ती शास्त्राच्या कक्षेबाहेरची, म्हणून कच्ची, असा एक अनुच्चारित निवाडा त्यातून रूढ झाला. भारतीय जनगणनेच्या वर्गीकरणातही मातीच्या भिंती ‘पक्क्या’ घराच्या व्याख्येत बसत नाहीत. त्या व्याख्येप्रमाणे बापूकुटीही पक्की नव्हे.

हा निवाडा सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे झालेल्या भूकंपात माती व दगड यांच्या जाड भिंतींनीच हजारो माणसांचे प्राण घेतले. तो प्रदेश तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता; २००२ च्या आवृत्तीत तो विभागच रद्द झाला. त्या आवृत्तीप्रमाणे वर्धा दुसऱ्या विभागात पडते. परंतु किल्लारीचा धडा जाडीविरुद्ध नव्हता. भिंतीच्या दोन थरांना जोडणारे आडवे दगड नसणे, कोपरे न बांधणे आणि छपरावर मातीचे अवजड ओझे असणे, ही त्या विनाशाची कारणे होती. १९९३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानक १३८२७ मध्ये मातीच्या इमारतींची भूकंपरोधकता वाढविण्याचे नियम दिले आहेत, यावरून ही विद्या शास्त्राबाहेरची नाही हे सिद्ध होते.

म्हणून प्रश्न दोरी की पडदा, असा नाही. पडद्यावरील रेषेशिवाय आज पूल, धरण वा बहुमजली इमारत होणार नाही आणि होऊही नये. प्रश्न असा आहे की, रेषा ओढणाऱ्याला ती कशाच्या ऐवजी उभी आहे याचे भान आहे की नाही. सेवाग्रामच्या परिसरात हे भान शिकविण्याची साधने हाताशी आहेत. एखाद्या मातीच्या कुटीची भिंत मोजून तिची दाबरेषा हाताने काढावी, कवेलूंच्या कमानीचा आकार साखळी लोंबवून पडताळावा, काळ्या मातीवरील एखाद्या घराच्या भेगा ऋतुमानाप्रमाणे वर्षभर नोंदवाव्यात आणि मग त्याच घराचे प्रतिमान पडद्यावर करून दोहोंतील अंतर तपासावे; असा अभ्यास पदव्युत्तर पातळीवर सहज होण्यासारखा आहे. त्यातून इतिहासाच्या अभ्यासकाला बांधकामाची साधने वाचण्याची दृष्टी मिळेल. अभियंत्यालाही आपली रेषा कोणत्या जाडीतून, कोणत्या मातीतून आणि कोणाच्या हातांतून आली आहे, हे कळू शकेल. ‘सूत्रधार’ या शब्दाचे दोन्ही अर्थ, दोरी धरणारा आणि प्रयोगाची जबाबदारी घेणारा, अशा अभ्यासात पुन्हा एकत्र येतील.